तिवरांत न जाणारी होडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. पनवेलच्या खाडीकाठच्या बागेत मी पालथी पडलेली असते. तुम्ही माझ्या पाठीवर बसून भेळ खाता. पण ही बाग एवढी मोठी कशी झाली आणि मी पाण्याबाहेर का आले, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

काळूराम कोळ्याच्या वडिलांनी मला सागाच्या फळ्यांनी बांधले. काळूराम वल्हे मारायला शिकला तो माझ्यावरच. खाडीच्या एका फाट्यात खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांची दाट झाडी होती. भरतीच्या वेळी त्यांच्या मुळांशी कोळंबी आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, भरपूर मिळत; त्यावरच काळूरामचे घर चाले. पावसाळ्यात त्याच झाडांवर बगळे घरटी करीत. तिथे शिरताना काळूराम वल्हे अगदी हलके टाकी. दर वर्षी तो मला तेल पाजी. "ही होडी म्हंजे आमची लेक हाय," असे तो म्हणे, तेव्हा मला धन्य वाटे.

१९९१ साली त्या फाट्यात भराव टाकून प्लॉट पाडायचे ठरले. डंपर येऊ लागले. निम्मी तिवरे मातीखाली गेली. तेव्हा शाळेतल्या दमयंतीबाई वही घेऊन धक्क्यावर आल्या. उरलेल्या झाडांवरची घरटी त्यांना मोजायची होती. काळूरामने त्यांना माझ्यात घेतले आणि आम्ही तीन दिवस फिरलो. एकशे सत्त्याऐंशी घरटी भरली.

परतताना बाई म्हणाल्या, "काळूराम, शेजारची बाग वाढवून ही झाडी तिच्यात घ्या, असा अर्ज मी करणार आहे. पण आधीच सांगते. तसं झालं, तर तुमचीही होडी आत जाऊ देणार नाहीत."

काळूरामचे वल्हे थांबले. धक्क्यावर त्याची बायको कृष्णाबाई मासळीची पाटी घेऊन उभी होती. सगळे ऐकून ती एवढेच म्हणाली, "आनि आमी बाजारात काय घेऊन बसायचं?"

पंधरवड्याने बाईंच्या अर्जावरून नगरपालिकेचे मोठे साहेब पाहणीला आले. काठावरूनच म्हणाले, "इथे चिखलाशिवाय आहे काय?"

काळूराम पुढे झाला. "साहेब, येकदा होडीत बसा."

भरावाच्या कडेला आदल्या दिवशी तोडलेले एक तिवर पाण्यात आडवे पडले होते. फांद्यांत बगळ्यांची पिल्ले मरून अडकली होती. एकच अजून चोच उघडत होते. काळूरामने ते ओंजळीत घेऊन साहेबांसमोर धरले. "याला उडाया आठ दिस पायजे व्हते, साहेब."

काठाला लागताच साहेबांनी भराव थांबवायला सांगितले.

पुढच्या वर्षी बाग वाढली. उरलेली झाडी तिच्यात आली, झाडीभोवती कुंपण घातले गेले. काळूरामने स्वतःच मला ओढत वर आणले, पालथे घातले आणि माझ्या तळाला शेवटचे तेल पाजले. मग तो उरणला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. कृष्णाबाईने त्याला कधी बोल लावला नाही. पण या बागेत तिने आजवर पाऊल टाकलेले नाही.

उद्घाटनाला माझ्यावर हार चढला, फोटो निघाले. त्यानंतर मला कोणी रंगही दिला नाही. माझ्या फळ्या कुजत आल्या आहेत, त्याचे मला दुःख नाही. पण परवा कोणीतरी कुंपणापलीकडे दगड भिरकावला आणि सगळे बगळे एकदम उठले.

मित्रांनो, ती झाडी एका माणसाने आपल्या पोटाला चिमटा घेऊन सोडली आहे. इथे याल तेव्हा हातातला दगड खाली टाका. आणि जरा हळू बोला. आत पिल्ले आहेत.