उताराचं पाणी

विश्वजित परत येऊ का म्हणून विचारत होता. आखातातल्या ज्या शहरात माझा हा धाकटा भाऊ हॉटेलांचे एसी दुरुस्त करतो, तिथे क्षेपणास्त्रं पडू लागली होती. विमानं अजून सुटत होती. तरी तो आबांच्या होकारासाठी थांबला होता. आमच्यासारख्या फौजी घरांत वडिलांना विचारल्याशिवाय कोणी पोस्ट सोडत नाही, मग ती फौजेतली नसली तरी.

आबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. पलटणीत ते जवानांना इतिहास शिकवायचे. अजूनही देवळासमोर माणसं जमली की त्यांचा रोम सुरू होतो. मी मिरजेहून सुट्टीला कराडजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हाही तेच चाललं होतं. मोठं राज्य एकदम कोसळत नाही. आधी सैन्य भाडोत्री होतं, मग नाणं हलकं होतं, मग कुठे सरहद्द ढासळते, असं ते सांगत होते.

"मास्तर, रोमचं कुलूप तुमीच लावून आलासा जणू," शेजारचा धुळा म्हणाला. सगळे हसले, आबाही हसले.

तेवढ्यात विश्वजितचा फोन आला. आबांनी तो सर्वांदेखत स्पीकरवर टाकला.

"रोम पडाय चारशे वर्सं लागली, पोरा. तुजं काँट्रॅक्ट दिवाळीपातुर हाय. पोस्ट सोडायची न्हाई."

पलीकडून "व्हय" आलं.

घरी आल्यावर मी विषय काढला. मी एका रुग्णालयात डायलिसिसला लागणारं पाणी तपासते. क्षार काढण्यासाठी पाणी पडद्यातून दाबाने ढकलावं लागतं आणि वीज गेली की ते काम तिथल्या तिथे थांबतं. विश्वजितचं शहर असंच समुद्राचं पाणी गोडं करून पितं.

"आबा, रोमला पाणी डोंगरावनं उतारानं यायचं. राजा मेला तरी येत ऱ्हायचं. विश्वजितचं शहर उपशावर हाय."

उपसा म्हणजे काय, हे आबांना सांगायची गरज नव्हती. आमचा सगळा ऊस नदीवरच्या मोटारीवर उभा आहे.

"राज्यं मोटारीवर चालत न्हाईत, पोरी," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

सुट्टी संपवून मी मिरजेला परतले. पुढच्या आठवड्यात विश्वजितच्या शहरातल्या वीजकेंद्रावर हल्ला झाला. विमानतळ बंद झाला. विश्वजितचा मेसेज मला आला: सकाळपासून नळ कोरडा आहे, दुकानातलं पाणी संपलं, आबांना सांगू नको. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. मी मिळेल त्या गाडीने गावी आले.

आबा उसात होते. नुकतीच लाइट गेली होती. पाइपाच्या तोंडाची धार बारीक होत होती आणि ते तिच्याकडे बघत उभे होते. मी मेसेज वाचून दाखवला.

"शहराच्या टाक्यांत पाणी किती ठेवत असत्याल?" त्यांनी विचारलं.

"थोडंच."

धार तुटली. सरीतलं पाणी मातीत मुरू लागलं.

"त्याला म्हणावं, ये."

विमानतळ बंद असल्याचं मी सांगितलं. फोन लागत नसल्याचंही. आबांनी मान हलवली, तरी खिशातून मोबाइल काढून कानाला लावला आणि तसेच उभे राहिले. पाइपातून नुसत्या हवेचा आवाज येत होता.