मोहोराला जामीन

आमच्या शेजारच्या शकीलभाईंनी यंदा जानेवारीत झाडांचा इतका पिच्छा पुरवला, की कोपऱ्यावरच्या कडुनिंबाने घाबरून पंधरा दिवस आधीच पानं टाकून दिली. हसू नका. म्हसावदच्या निम्म्या गावाने पाहिलंय. उरलेलं निम्मं गाव मी सांगितल्यावर हो म्हणालं.

शकीलभाई माळी माणूस. शाळेच्या बागेत तीस वर्षं काढली, आता घरी बसलेत. बसलेत कसले! त्यांच्या अंगणात एक आंब्याचं कलम आहे, त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं, नऊ वर्षांचं. कलम कसं, चौथ्या वर्षी मोहोरतं. ह्याला नऊ वर्षांत एक तुरा नाही. लोकांच्या झाडांना फळं आणून देणारा माणूस, आणि त्याच्याच दारात ही गत! रस्त्यात कुणी "काय भाई, आंबा काय म्हणतोय?" विचारलं की ते सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचे.

त्यांचा मुलगा इरफान. म्हसावद ते धडगाव जीप चालवतो, घाट चढून, सीटा भरून. त्याला त्या झाडाच्या जागी जीपसाठी शेड टाकायची होती. बापलेकांची रोज तोंडातोंडी व्हायची. शेवटी इरफानने तारीखच दिली.

"अब्बा, पंधरा फेब्रुवारी. मोहोर ऊना तर झाड तुमनं. नही ऊना तर कुऱ्हाड."

"कबूल," शकीलभाई म्हणाले. म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून माणसाची झोप गेली.

आणि यंदा थंडी अशी चिकटून बसलेली, की जायचं नावच घेईना. पळसाला कळी नाही, कोकिळेचा आवाज नाही. शकीलभाई उजाडलं की चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून अंगणात. एकेका फांदीच्या टोकाचा डोळा बघायचे, फुगलाय का. खोडाला कान लावायचे. एकदा तर फांदीला हळूच म्हणताना मी ऐकलं, "बेटा, पाणी हवं का? की नको? तू फक्त सांग."

आता असा माणूस रोज सकाळी भिंतीपलीकडे दिसत असताना माझ्यासारखीने गप्प बसायचं म्हणजे काय? एके दिवशी मी म्हटलं, "शकीलभाई, ऐकलं का? मोलगीच्या बाजारात एक बकरी आलीये. तिने कुठेतरी डोंगरात मोहोर खाल्ला, तर दूध पिवळं देते. आमरसासारखं. वाटीभर प्याले लोक."

"खरं, भाभी?"

"माझ्या डोळ्यांनी. नातवाची शपथ."

पुढच्या बाजाराला ते मोलगीला गेले हो! तीन बकऱ्यांचं दूध चाखून, संध्याकाळी पोट धरून परत. रागावले का? छे. "बकरी नही मियनी," म्हणाले, "पण हवा तठे जरा गरम शे. येस तो, येस!" येतोय म्हणे वसंत, जणू त्यांचा परगावचा साडू, आज ना उद्या जीपमधून उतरणारा.

मग आठ तारखेला काय झालं. आमचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं. मी शिडीने वर मिरच्या वाळत घालायला गेले. शकीलभाईंच्या आंब्याची एक फांदी भिंत ओलांडून माझ्या धाब्यावर आलेली आहे, पार मावळतीकडे. आणि त्या फांदीच्या टोकाला, माझ्या करंगळीएवढा, तांबूस पोपटी तुरा.

मी तिथेच बसले. मिरच्यांवरच बसले, नंतर कळलं.

शकीलभाईंना तो दिसणं शक्यच नव्हतं. एक तर मध्ये पानांची भिंत. दुसरं म्हणजे त्यांचं शास्त्र. "मोहोर उगवतीकडूनच येस. मी तीस वरीस बाग संभाळेल शे," असं म्हणून ते मावळतीच्या फांद्यांकडे बघतसुद्धा नसत, नापास पोरांकडे मास्तर बघत नाही तसे.

मी लगेच सांगायला हवं होतं. पण सांगून टाकलं तर मजा किती, एका क्षणाची! म्हटलं, त्यांना स्वतःला सापडू दे, ते तोंड मला बघायचंय. मी आडून आडून सुचवत राहिले. "शकीलभाई, माझ्याकडे मधमाश्या फार झाल्यात हो." ते म्हणाले, "गुळाचा डबा उघडा राहिला असेल." "शकीलभाई, धाब्यावरून काय छान दिसतं!" ते म्हणाले, "पडू नका, भाभी."

असं करता करता पंधरा तारीख उजाडली. मी आंघोळ करून, लुगडं बदलून, आज सांगायचंच म्हणून बाहेर येते तर इरफानची जीप अंगणात, आणि तिच्यातून खांद्यावर कुऱ्हाड घेऊन उतरतोय उदेसिंग. धडगावच्या वरच्या पाड्यावरचा लाकूडतोड्या. जीपमध्ये मागे नऊ-दहा सीटा बसलेल्याच. झाड पाडून इरफान लगेच फेरी मारणार होता.

शकीलभाई झाडाला पाठ लावून उभे.

"काप," इरफान म्हणाला.

उदेसिंग हसला. कुऱ्हाड खाली टेकवली. "जामीन कोण राहतो?"

"कसला जामीन? काप म्हटलं ना!"

"वा!" उदेसिंग म्हणाला. "चांगला ओरडतो तू. अजून जोरात. झाडाला ऐकू गेलं पाहिजे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे न फळणाऱ्या झाडाला धाक घालतात ना, तसं वाटलं होतं त्याला. एकाने ओरडायचं, हे झाड तोडा. दुसऱ्याने आडवं यायचं, नका तोडू, मी जामीन राहतो, यंदा फळेल. मग कुऱ्हाडीचा एक हलका टिचका मारायचा आणि चहा पिऊन घरी. आंब्याच्या झाडाला कुऱ्हाड बोलावली म्हणजे ह्यासाठीच, दुसरं काही असू शकतं हे उदेसिंगच्या मनातच येईना.

"अरे, खरंच तोडायचंय!" इरफान पाय आपटत होता. "मुळापासून! शेड टाकायचीये!"

"बघ, बघ," उदेसिंग जीपमधल्या लोकांना म्हणाला, "डोळे लाल केले. मागच्या वर्षी तोरणमाळकडे एकाने असंच केलं, पण ह्याच्यासारखं नाही." जीपमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. इरफानला रडू यायचं बाकी.

"दे इकडे, मीच तोडतो!" म्हणत त्याने कुऱ्हाडीला हात घातला.

मी भिंतीवरून ओरडले, "मी जामीन! आणि फळेल कशाला, मोहोरलंय ते! माझ्या धाब्यावर आठ दिवसांपासून मोहोर आहे!"

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगू कसं पाहिलं. "भाभी," ते म्हणाले, "आज नको. बकरीची गोष्ट आज नको."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले आणि ही किंमत! मी छाती बडवून घेतली. नातवाची शपथ घेतली, पण ती मी बकरीच्या वेळीसुद्धा घेतली होती. शेवटी मी शिडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, माझ्या धाब्याच्या भिंतीला लावली आणि शकीलभाईंचा हात धरला. "चढा! खोटं निघालं तर आधी माझ्या घरावर कुऱ्हाड घाला!"

सत्तर वर्षांचा माणूस, दोन चष्म्यांसह, तीन ढांगांत वर. मी खाली जीव मुठीत धरून उभी.

आणि मग धाबं हलायला लागलं. शकीलभाई नाचत होते! नुसते दोन्ही हात वर करून, गोल गोल, लहान पोरासारखे. "मावळतीले ऊना रे! गधडा मावळतीले ऊना! तीस वरीस मी उलटं शिकाडी ऱ्हायंतू!"

इरफान त्यांना धरायला वर गेला, पडतील म्हणून. तोही खाली येईना. मग जीपमधल्या सीटा चढल्या, एकेक करून. बघता बघता माझ्या धाब्यावर चाळीस माणसं... बरं, अकरा. पण एक बाई फार जाड होती.

मी ओरडले, "माझ्या मिरच्या!" कुणाला ऐकू येतंय!

इरफान तुऱ्याजवळ वाकून वास घेत होता. मग बापाकडे न बघताच पुटपुटला, "राहू द्या मंग. शेड रस्त्याकडून टाकसू." शकीलभाईंनी त्याच्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि पुन्हा नाचायला लागले, ह्या वेळी त्याला धरून.

खाली माझ्याजवळ फक्त उदेसिंग राहिला होता. तो कुऱ्हाडीच्या पात्यावरून बोट फिरवत मला म्हणाला, "बघितलं, माय? टिचका पण नाही मारला अजून."