एकाच दिशेनं वाहणारा जोड

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून प्रणाली अकोल्याहून तिला घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात आली होती. पण तिचा जीव बंगळुरूच्या प्रयोगशाळेत अडकला होता. तिथं गोठवणाऱ्या मशीनच्या कडाक्याच्या थंडीत तिनं बनवलेला जोड होता: अणूएवढ्या जाडीचे ग्राफीनचे, म्हणजे कार्बनचे, दोन पापुद्रे, एकमेकांवर जरासे तिरपे ठेवलेले. त्या थंडीत त्यांतून वीज विनाअडथळा वाहायची, म्हणजेच अतिवाहकता. मधल्या अरुंद पट्टीत मात्र नवल घडत होतं. एका दिशेनं वीज सरळ जाई, तेवढीच उलट सोडली की अडे. तेही जवळ चुंबक नसताना.

"कुठूनतरी चुंबकत्व अडकून बसलंय," तिचे मार्गदर्शक डॉ. पाठक फोनवर म्हणाले. "संध्याकाळी मशीन दुसऱ्या गटाला देतोय."

प्रणालीनं खाटेशेजारी लॅपटॉप उघडला आणि बंगळुरूचं मशीन तिथूनच चालवायला घेतलं.

"काय करून राहिली वं?" आईनं विचारलं.

"ऊब देऊन राहिली, आई. अतिवाहकता मोडंल इतकीच. त्यात अडकलेलं चुंबकत्व असंल तर निसटून जाईन. मंग पुन्हा थंड करतो."

"अन् तरी तसंच रायलं तं?"

"तं तो गुण ग्राफीनचाच!"

जोड तापला, वीज अडखळू लागली. मग पारा पुन्हा उतरू लागला. पहिला आलेख उमटला: सरळ दिशेनं वीज बिनधास्त. दुसरा उमटला: उलट दिशेनं अडलेली. अगदी पहिल्यासारखीच!

तिनं डॉ. पाठकांना स्क्रीन दाखवली. त्यांनी दोन्ही आलेख पुन्हा ताडून पाहिले. "चुंबकानं दिशा पालटून दाखव," ते शेवटी म्हणाले.

तिनं क्षणभर उलटं चुंबकीय क्षेत्र लावलं आणि काढून घेतलं. आता अडलेली दिशा मोकळी झाली, मोकळी होती ती अडली. चुंबक गेला तरी जोड नवी दिशा धरून राहिला; म्हणजे चुंबकत्व बाहेरून अडकलेलं नव्हतं, ग्राफीनचं स्वतःचंच होतं.

"प्रणाली," डॉ. पाठकांचा आवाज आनंदानं चढला, "मशीन कुणालाही देत नाही मी! पेपर लिहायला घे."

प्रणाली खुर्चीवरून उठलीच. आईनं तिला जवळ ओढलं आणि समोरच्या खाटेवरच्या मनकर्णाबाईंना मोठ्यानं सांगितलं, "आयकलं का बाई? माया पोरीचं खरं निंगालं!"

अख्खा वॉर्ड वळून बघत होता. प्रणाली हसत होती, डोळे भरून आले तरी.