अप्पांच्या गिटारचा आवाज

अप्पा गेल्यावर रुद्राणीने वडिलांच्या गिटारला जोडायच्या, तिचा आवाज घडवणाऱ्या डिजिटल पेटीच्या बटणांना कुणाला हात लावू दिला नाही. अप्पांनी लावलेली बटणं हलू नयेत म्हणून धूळसुद्धा ती ब्रशने झटकायची. पुण्यतिथीला पेटी ऐनवेळी बंद पडू नये, म्हणून तिने अंबाजोगाईच्या सायबर कॅफेत तिच्यात नवं फर्मवेअर, म्हणजे पेटी चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, भरून घेतलं.

अप्पांच्या ऑर्केस्ट्रातले तानाजीकाका वाजवायला बसले. अप्पांची गिटार घसा बसल्यासारखी, किंचित खरखरीत वाजायची. आता ती गुळगुळीत वाजली.

"बटणं तर तिथंच हायती," काका म्हणाले. "आतलंच बदललं, पोरी."

"जुनं परत भरता येईल?"

काकांनी कॅफेवाल्याला फोन लावला. "न्हाई म्हणतो. जुनं आता कुठंच मिळत न्हाई." त्यांनी एक तार छेडली. "अप्पा म्हणला असता, लई शहाणी झाली बे ही गिटार."

रुद्राणीला हसू आलं. सवयीने तिने ब्रश उचलला आणि तसाच खाली ठेवला.