उसना बेस्ट बॉय

बेस्ट बॉय म्हणजे काय, हे सांगून सांगून ताईच्या तोंडाला फेस आला होता. सासूबाईंना सांगून झालं, लेकीच्या शाळेतल्या बाईंना सांगून झालं, दात काढायला गेली तर डॉक्टरांनी तोंडात चिमटा असताना विचारलं. चाळिशी उलटलेली बाई, सेटवर सगळे ताई म्हणतात, आणि कामाचं नाव काय, तर म्हणे बॉय! शूटिंगच्या दिव्यांचा मुख्य तो गॅफर आणि त्याचा पहिला मदतनीस तो बेस्ट बॉय, मग तो बाप्या असो की बाई. इथे गॅफर होता तिचा सख्खा दादा.

आज चहाच्या वेळी मेकअपवाल्या नव्या बाईने तेच विचारलं. ताईने कपाळाला हात लावला, पण सांगितलं. पूर्वी म्हणे दिवेवाल्याला माणूस कमी पडला की तो शेजारच्या टोळीच्या मुकादमाकडे जायचा आणि तुझा सगळ्यात चांगला पोरगा दे म्हणायचा. त्यावरून पडलं नाव. खरंखोटं देव जाणे.

"म्हणजे चांगला असेल तोच उसना द्यायचा," मेकअपवाली म्हणाली. "मग तुम्ही कुठे कुठे गेलात?"

ताई बोटांवर मोजायला गेली. कुठेच नाही. इतकी वर्षं कुणी माणूस मागितला की दादा ढिम्म्याला पाठवायचा. ढिम्म्या म्हणजे केबल गुंडाळता गुंडाळता डुलकी काढणारा प्राणी. ताईला मात्र, तू गेलीस तर माझं कसं व्हायचं, म्हणून ठेवून घ्यायचा, आणि ही वेडी तेवढ्यावर खूश. तिला स्वतः गॅफर व्हायचं होतं. पण जिचं काम दादाशिवाय कुणी पाहिलंच नाही, तिला बोलावणार कोण? तिला स्वतःचाच असा संताप आला की चहा तसाच राहिला.

नेमका तेव्हाच पलीकडच्या सेटवरून निरोप आला, एक माणूस हवाय. दादाने सवयीने ढिम्म्याला हाक मारली. ताईने हातमोजे उचलले आणि मी जाते म्हणाली. दादा आधी हसला, मग समजूत घालू लागला, मग चिडला. तोवर ती दाराबाहेर पडली होती.

पलीकडची गॅफर म्हणजे पिकल्या केसांची, मोजकं बोलणारी बाई. तिने काही विचारलं नाही, भिंतीवर पडलेली नको ती सावली दाखवली फक्त. ताईने दोन दिवे मागे घेतले, एक पार विझवला, आणि कोणत्या लाइनवर किती लोड टाकायचा तेही नव्याने लावून दिलं. सावली गेली. ती बाई भिंतीकडून ताईकडे वळली.

"मी दर वेळी बेस्ट बॉयच मागायचे, म्हणजे तुलाच," ती म्हणाली. "तुझा दादा सांगायचा, तिला एकटीला नाही जमत."

ताईला रागाने रडूच यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात फोन वाजला. दादाच. त्याच्याकडे मेन स्विच सारखा ट्रिप होत होता, ढिम्म्याला काही सुधरत नव्हतं, ये म्हणाला लवकर.

ताईने त्याला कोणते दोन दिवे दुसऱ्या लाइनवर घ्यायचे ते नीट सांगितलं. स्विच टिकला असं त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.

"आता दुसरं कुणीतरी बघ, दादा," ती म्हणाली. "मी नाही परत येत."