पाठमोरी ओळख

मी न्हावी आहे. माणूस मला चेहऱ्यापेक्षा मानेवरून लवकर ओळखू येतो. बावीस वर्षं लोकांच्या मागे उभं राहून दुसरं काय होणार? कोणाच्या मानेवर तीळ आहे, कोणाला दोन भोवरे आहेत, कोण चोरून केस काळे करतो, सगळं मला पाठ आहे. या विद्येचा मला भारी तोरा होता. तो एका रविवारी सकाळी उतरला.

त्या दिवशी मला वस्तऱ्याला हात लावायची बंदी होऊन एकोणीस दिवस झाले होते. बंदी बायकोची. दुकान आम्ही दोघं चालवतो. मी आधी फक्त रात्री प्यायचो, मग दुपारीही, मग दुकान उघडायच्या आधीच. हात थरथरायला लागले. एका मास्तरांच्या कानाची पाळी कापली, तेव्हा तिने भर दुकानात माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला. तेव्हापासून मी थेंबही घेतला नव्हता, पण तिचा माझ्यावर भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. तिनेच फोनाफोनी करून दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा पत्ता काढला. दोनदा मी फाटकापर्यंत जाऊन परत आलो आणि "आज बंद होतं" अशी थाप मारली.

"अहो, तिसऱ्यांदा थाप मारलीत तर मी दुसरा कारागीर ठेवणार," ती म्हणाली. "आत जायचं, उभं राहायचं, तोंडाने बोलायचं. मग घरी या."

पत्ता सोपा होता: वाचनालयाची इमारत, तिसरा मजला. दारावर पाटी नसते, येणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. खालच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, "असंच, वर." दारूचं नाव घेऊन रस्ता विचारण्यापेक्षा मेलेलं बरं!

एका मजल्यावर दाराच्या काचेतून दहाबारा पाठी दिसल्या. पहिलीच मान ओळखीची निघाली. नळदुरुस्तीवाला! मान लालबुंद. मनात म्हटलं, अरे लबाडा, तूसुद्धा? त्याच्या शेजारी विमा एजंट, तोंडात सदा पेपरमिंट. पेपरमिंट कशासाठी चघळतात, हे मला कोणी शिकवायला नको. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मजला मोजायचं मला सुचलंच नाही. सरळ आत शिरलो.

टेबलावर रोपांच्या कुंड्या होत्या. वाटलं, मन रमवायला देत असतील.

"या, या, नवीन दिसताय," समोरच्या बाई म्हणाल्या. "थोडं स्वतःबद्दल सांगा."

माझी पाचावर धारण बसली. पण बायको डोळ्यांपुढे उभी राहिली आणि मी डोळे मिटून सुरू झालो. "मी दारुडा आहे," म्हटलं. "नळवाल्याची लाल मान आणि एजंटचं पेपरमिंट बघून धीर आला, आपलीच माणसं!" मास्तरांचा कान सांगितला, थापा सांगितल्या. "दाढीनंतर लावायचं लोशनसुद्धा मी प्यायलोय. हे बायकोला अजून माहीत नाही."

डोळे उघडले तर सगळे कुंड्या सोडून माझ्याकडे बघत होते.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "हे गच्चीवर बाग करणाऱ्यांचं मंडळ आहे."

नळवाल्याने मान चोळली. "ही उन्हाने भाजलीय हो!"

"आणि मी खोकल्यासाठी खातो!" एजंट ओरडला.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण हसण्याचा गलका ओसरल्यावर नळवाल्यानेच आधी टाळ्या वाजवल्या. "पुन्हा वस्तरा धराल तेव्हा पहिली दाढी माझी," तो म्हणाला. माझे डोळे भरून आले, आणि डोळे दिसू नयेत म्हणून मी बाहेर पळालो.

जिन्यात मागून कोणीतरी दंड धरला. बागवाल्यांतलाच एक, पूर्ण टकला. त्यामुळेच माझ्या दुकानात कधी न आलेला.

"खाली नाही, वर," तो म्हणाला. "मी दाखवतो."

तो टपालवाला होता. दोन वर्षं वरच्या बैठकीला जाऊन त्याने दारू सोडली होती. चार महिन्यांपूर्वी पुन्हा एकदा प्यायला, आणि त्यानंतर त्याला वर तोंड दाखवायची लाज वाटू लागली. घरी बैठकीचं सांगून निघायचा आणि खाली कुंड्यांत येऊन बसायचा.

"दर रविवारी डोक्यावर त्यांच्या खुर्च्या सरकलेल्या ऐकू येतात," तो म्हणाला. "आज तुम्ही बोललात आणि मला बसवेना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याची परिस्थिती माझ्याहून वाईट होती. मी रस्ता चुकलो होतो, त्याला रस्ता पाठ होता.

वर आठ माणसं गोल बसली होती. "अरे, टपालवाले आले!" कोणीतरी म्हणालं आणि दोन खुर्च्या पुढे सरकवल्या. कोणी काही विचारलं नाही. तो बोलायला उभा राहिला. दाराकडे बघू लागला. आता हा पळणार, हे मला कळलं. तसा मीही दोनदा पळालोच होतो.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"आधी मी बोलतो," म्हटलं. "माझी रंगीत तालीम खालच्या मजल्यावर झालीय."

सगळ्यात मोठ्याने तोच हसला. मी लोशनपर्यंत सगळं पुन्हा सांगितलं. बसलो, तेव्हा तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, "चार महिन्यांपूर्वी मी परत प्यायलो."