शेवळाची भाजी

"डोळे उघडायचे नाहीत हं. सांगा, काय लागतंय?" प्रिया टीचरने अमोघच्या जिभेवर कारल्याची चकती ठेवली.

अमोघचं तोंड वेडंवाकडं झालं. "कडू! मावशी, पाणी!"

फुलाबाईने पेला पुढे केला. चांदे गावातल्या त्या बालशाळेत ती सहा वर्षं मदतनीस होती. आज चवींचा दिवस होता. वीस मुलं डोळ्यांना रुमाल बांधून गोलात बसली होती. गूळ झाला, मीठ झालं, चिंचेला सगळ्यांनी मिटक्या मारल्या, हिरड्याच्या तुकड्याने जिभा आखडल्या. पालक भिंतीशी मोबाइल धरून उभे होते. शेवटी मुख्याध्यापिका सुलक्षणा मॅडम मुळशीची रानभाजी चाखून दाखवणार होत्या. ती फुलाबाईने घरून करून आणायची, हे मॅडमनीच ठरवलं होतं.

फुलाबाईने दोन डबे आणले होते.

शेवळं म्हणजे रानातले कोंब. चवीला छान, पण खाजरे. काकड नावाच्या रानझाडाच्या फळांचा आंबट रस घालून शिजवले नाहीत, तर घशात कुसळं भरल्यासारखं होतं. मुलांच्या डब्यात तिने रस सढळ हाताने घातला होता. मॅडमच्या डब्यात थेंबही नव्हता.

तीन वर्षांपूर्वी तिची नात राणी याच वर्गात होती. एकदा तिने डब्यात चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण आणि भात आणला. मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्या वर्गादेखत तो डबा कचऱ्याच्या बादलीत उपडा केला. "असली घाण शाळेत आणायची नाही." मुलं खो खो हसली. दुसऱ्या दिवसापासून राणी शाळेत आली नाही. फुलाबाई मात्र येत राहिली. मॅडमचा चहा करत राहिली, कप विसळत राहिली. आणि वाट बघत राहिली.

मॅडमची वाटी तिने स्वतःच्या हाताने भरली. रुमाल सुटलेल्या अमोघने लगेच बोटं पुढे केली. "मला पण!"

फुलाबाईने त्याचं मनगट घट्ट धरलं. "तुझी येगळी हाय, बाळा." तिने त्याला दुसऱ्या डब्यातली वाढली. 

मॅडमनी पालकांच्या मोबाइलकडे बघत दोन मोठे घास खाल्ले. "अप्रतिम! ही आपल्या मातीची..." पुढचा शब्द आलाच नाही. त्यांनी गळा धरला. खोकल्याची उबळ आली, डोळे गळू लागले.

"मॅडम, कुठली चव?" अमोघने विचारलं. सगळी मुलं उत्तराची वाट बघत होती.

"मावशी... पाणी..."

फुलाबाई हलली नाही. वाकून हळूच म्हणाली, "पान्यानं न्हाई जायाची ती खाज. माज्या राणीचा डबा बादलीत वतलावता तुमी. याद हाय?"

मॅडमनी लाल डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. "कोण राणी?"

फुलाबाईने आणखी थोडा वेळ त्यांना खोकू दिलं. मग आमसुलाचं पाणी त्यांच्या हातात दिलं.

दुपारच्या आत तिची नोकरी गेली. तिने केलेलं नाकारलं नाही, माफीही मागितली नाही.

शेजारच्या नांदे गावातल्या खोलीवर राणी सतरंजीवर पालथी पडून गणितं सोडवत होती. ती आता आठ वर्षांची झाली होती. फुलाबाईने सगळं रंगवून सांगितलं. मॅडमचे डोळे, खोकला, मोबाइल धरलेले पालक. राणी हसली. मग पेन्सिल थांबली.

"आज्जे, पोरांनी नाय ना खाल्ली ती?"

"न्हाई गं. त्यांची येगळी केलीवती."

राणीने जरा विचार केला. "माजा डबा वतला, तवा तू तितंच व्हतीस ना?"

"व्हय."

"मॅडम म्हनल्या, बादली बाहेर न्या. तूच नेलीस. माज्याकडं बघितलंपन न्हाईस."

फुलाबाईने इतकी वर्षं मॅडमसाठी शब्द साठवले होते, या पोरीसाठी एकही नव्हता. ती उंबऱ्याजवळ तशीच उभी राहिली.

राणीने वही मिटली नाही. थोडी सरकली आणि सतरंजीवर आजीला बसायला जागा केली.